साडूभाऊंचा पुसून टाकलेला ग्रह

साडू हे नातं निवडून मिळत नाही. बायको आपण निवडतो, निदान तसा आपला समज असतो. सासूसासरे तिच्याबरोबर येतात. साडू मात्र दुसऱ्याच कुणीतरी केलेली निवड असते आणि ती आपण जन्मभर जेवायला बोलवायची असते. माझ्या मेहुणीने निवडलेले गृहस्थ वेधशाळेत नोकरीला होते. आमच्या घरी पहिल्यांदा आले तेव्हा मी सहज विचारलं, "किती वाजले हो?" त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग माझ्या मनगटाकडे, मग स्वतःच्या मनगटाकडे. मनाशी काहीतरी आकडेमोड केली आणि म्हणाले, "साधारण सव्वापाच म्हणायला हरकत नाही."

तेव्हाच मी बायकोला आत जाऊन सांगितलं, "तुझ्या बहिणीने सरासरीवाला आणलाय."

कुठलीही गोष्ट एकदा पाहून त्यांना पटत नसे. घरात ताप मोजायची तीन यंत्रं होती. मुलगी फणफणली की तिन्ही आळीपाळीने लावायची, पुन्हा लावायची आणि मधला आकडा काढायचा. तोवर ताप कंटाळून निघून जायचा. शर्ट शिवायचा असला की तीन शिंप्यांकडून मापं घेऊन त्यांची सरासरी ते चौथ्याकडे द्यायचे. तो शर्ट जगातल्या कुठल्याच माणसाला बसला नसता. ते मात्र तो अंगात घालून हिंडायचे, कारण आकडे बरोबर होते.

"भाऊजी, लग्नाआधी आम्ही तीनदा भेटलो," मेहुणी सांगायची. "पहिल्या भेटीत मी अखंड बडबडले. दुसऱ्या भेटीत रुसून बसले, तोंडातून अक्षर काढलं नाही. तिसऱ्या भेटीत मला सर्दी. यांनी घरी जाऊन सांगितलं, मुलगी बेताची बोलकी आहे आणि तब्येत सरासरीने बरी आहे."

"मग त्यात चूक काय होतं?" साडूभाऊ विचारायचे. थट्टा नाही, खरंच विचारायचे.

आम्ही एकमेकांना साडूभाऊच म्हणतो. या नात्याची हीच गंमत आहे, दोघांना मिळून एकच नाव.

आता हा स्वभाव घरात कितीही हास्यास्पद असो, वेधशाळेत तो सोन्याच्या मोलाचा होता. त्यांचं काम मला पहिल्यांदा कळलं ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर. तिथे एक काडीपैलवान गृहस्थ संध्याकाळी आपला भलाथोरला काळा कुत्रा फिरवायला न्यायचे. अंधुक उजेडात कुत्रा दिसायचाच नाही. दिसायचे ते फक्त गृहस्थ, चालता चालता डावीकडे हिसका, उजवीकडे हिसका, मध्येच दोन पावलं नको त्या दिशेला.

"हेच माझं काम," साडूभाऊ म्हणाले. "तारा म्हणजे हे गृहस्थ. ग्रह म्हणजे कुत्रा. कुत्रा लांबून कुणालाच दिसत नाही. मालक किती हलतो ते मोजायचं आणि कुत्रा केवढा, पट्टा किती लांब, ते सांगायचं."

"आणि मालक प्यायलेला असेल तर?"

"तीच तर काळजी असते," ते म्हणाले.

ताऱ्याचा उजेड रंगांत पसरवला की त्यात बारीक काळ्या रेघा दिसतात. तारा आपल्याकडे सरकला की त्या केसभर एका बाजूला जातात, दूर सरकला की दुसऱ्या. त्यावरून ताऱ्याचा वेग काढायचा. हा वेग म्हणजे काही वीज नव्हे. ग्रहाच्या ओढीने तारा हलतो तो एखादा माणूस बस पकडायला धावेल तेवढ्या वेगाने. वेधशाळेच्या तळघरात साडूभाऊंचं यंत्र होतं, त्याची चूकही साधारण तेवढीच. त्यामुळे एका मोजमापावर विश्वास ठेवणं म्हणजे गल्लीतल्या एका माणसाच्या सांगण्यावरून लग्न मोडणं. खूप मोजायचं, सरासरी काढायची, चुका एकमेकींना खाऊन टाकतात आणि उरतं ते खरं. देवाने हा माणूस जणू याच कामासाठी घडवला होता.

दुसऱ्या एखाद्या ताऱ्याभोवतीचा ग्रह जगात सगळ्यांत आधी आपण दाखवून द्यायचा, एवढी एकच इच्छा या माणसाने आयुष्यात धरली. बढती नको, बंगला नको. एक ग्रह हवा होता.

त्या काळी या धंद्यातल्या सगळ्यांना एक गोष्ट ठाऊक होती. इतकी ठाऊक की ती कुणी बोलूनही दाखवत नसे. मोठे ग्रह ताऱ्यापासून लांब असतात. आपल्याकडचा गुरू बघा, सूर्याभोवती एक चक्कर मारायला त्याला जवळजवळ बारा वर्षं लागतात. एवढं मोठं धूड घडायला थंडी लागते, बर्फ लागतो. ताऱ्याच्या चुलीजवळ ते घडणारच नाही. म्हणजे मोठा कुत्रा, लांब पट्टा, संथ चाल.

दुर्बीण सगळ्यांत वाटून घ्यायची असल्यामुळे साडूभाऊंची पाळी दर तिमाहीला एकदा यायची, सलग एक आठवडा. बारा वर्षांच्या चकरेत एक आठवडा म्हणजे काहीच नाही. त्यामुळे आठवडाभराच्या मोजमापांची सरासरी काढून त्यांचा एक ठिपका करायचा, ही पद्धत त्यांनीच पाडली. तिमाहीला एक ठिपका. ठिपक्यांची ओळ वर्षानुवर्षं हळूहळू वर चढली, मग खाली उतरली, की समजायचं, ग्रह आहे.

वेधशाळेच्या संचालकबाई तोंडाच्या फटकळ होत्या. त्या म्हणायच्या, "अहो, बारा वर्षांनी उकिरड्याचंही दैव उघडतं, तुमचंही उघडेल."

"मला तेरा लागतील," साडूभाऊ म्हणायचे. "एक वर्ष खात्री करायला."

मोजमापं उतरवून ठेवायची ती मोठ्या चकत्यांवर गुंडाळलेल्या चुंबकीय फितींवर. फिती मोजक्याच मिळत. दुसऱ्या विभागांत त्यांचे ढीग पडलेले, खिडक्या झाकल्या गेलेल्या, एके ठिकाणी तर दाराला अडसर म्हणून फितीच लावलेल्या. साडूभाऊंनी नियम केला: ठिपका काढून झाला की त्या आठवड्याची फीत पुसायची आणि पुन्हा वापरायची. सरासरी हाताशी असताना कच्चा माल कशाला सांभाळायचा? भात शिजल्यावर कुणी तूस ठेवतं का? लोक पाहुण्यांना आपली बाग दाखवतात, साडूभाऊ आपलं रिकामं कपाट दाखवायचे. मलाही दाखवलं होतं. मी कौतुकाने मान डोलावली. रिकाम्या कपाटाचं आणखी काय करणार?

यादीत शंभरावर तारे होते आणि साडूभाऊंनी प्रत्येकाला टोपणनाव दिलं होतं. एक 'मास्तर' होता, कारण तो कधी हलायचाच नाही. एक 'नवी सून' होती, सदा ढगाआड. आणि एक होता 'किरकिऱ्या'. किरकिऱ्याच्या एका रात्रीचा आकडा दुसरीशी जमत नसे. सोमवारी हा पुढे, बुधवारी मागे, शुक्रवारी पुन्हा पुढे. सरासरी काढली की मात्र ठिपका अगदी सरळ रेषेत, साळसूद.

"तारा उथळ आहे," साडूभाऊ जेवताना म्हणाले. "त्याच्या अंगावर डाग असतील, किंवा तो फुगत-आकसत असेल. शिस्त म्हणून नाही."

"घरी त्याला कुणी विचारत नसेल," मेहुणी म्हणाली.

एक-दोन वर्षं त्याला संधी देऊन साडूभाऊंनी किरकिऱ्याला यादीतून काढून टाकलं.

बातमी आली तो रविवार होता. दोन्ही कुटुंबं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी दाटीवाटीने बसलेली. फोन वाजला, साडूभाऊ उठले, "हं... हं... किती? पुन्हा सांगा" एवढंच बोलले आणि परत येऊन बसले.

"सापडला," ते म्हणाले. "परदेशात. गुरूएवढा ग्रह."

"अरेरे!" आमची ही म्हणाली. मग तिला वाटलं की विज्ञानाच्या बाबतीत असं म्हणू नये, म्हणून म्हणाली, "म्हणजे, वा!"

"चकरेला किती वर्षं लागतात त्याला?" मी विचारलं.

"चार दिवस."

टेबलावर हशा पिकला. चार दिवसांचं वर्ष! त्यांची मुलगी म्हणाली, तिकडे आठवड्यातून दोनदा वाढदिवस. मेहुणी म्हणाली, "दोनदा दिवाणखाना आवरायचा? मला नको बाई तसला ग्रह." मी म्हणालो, तिकडचे सरकारी कारकून एका जांभईत निवृत्त होत असतील. आम्ही असे एकावर एक चढवत होतो, आणि साडूभाऊ भाजीच्या वाटीकडे बघत होते.

"ताऱ्याला अगदी चिकटून फिरतो," ते हळूच म्हणाले. "हजार अंशांच्या वर तापलेला. एवढा मोठा कुत्रा, आणि पट्टा वीतभर."

मग त्यांनी मान वर केली. त्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडातला पुढचा विनोद तोंडातच राहिला.

"चार दिवसांत एक चक्कर," ते म्हणाले. "आणि मी आठवड्याची सरासरी काढतोय."

त्यांना गाडी येत नसे. मी त्यांना टेकडीवर घेऊन गेलो. दुपारची वेळ, वेधशाळेत चिटपाखरू नाही. त्यांनी आपल्या खोलीचं दार उघडलं आणि त्या कपाटासमोर जाऊन उभे राहिले. आत थोड्याशा फिती होत्या, सगळ्या ताज्या, सगळ्या दुसऱ्याच ताऱ्यांच्या. किरकिऱ्याच्या सगळ्या रात्री, तो सोमवार, तो बुधवार, तो शुक्रवार, कधीच पुसल्या गेल्या होत्या. त्यांच्यावर दहादा दुसरं काही लिहून झालं होतं.

"वहीत सरळ ठिपके तेवढे आहेत," ते म्हणाले. "आणि दर ठिपक्याशेजारी, रात्री एकमेकींपासून किती फाकल्या होत्या त्याचा आकडा. इतरांच्या तिप्पट. बघा. ओरडून सांगत होता हो तो!"

"पण हे दाखवलं तर—"

"हे दाखवून काय सिद्ध होतं? तारा किरकिरा आहे, एवढंच. ते मी नाव ठेवतानाच सांगितलंय."

पहिला ग्रह तर गेला. पण किरकिऱ्याचा अजून कुणाला ठाऊक नव्हता. साडूभाऊंच्या आयुष्यातली एकुलती एक इच्छा आता थोडी आखूड झाली: पहिला नाही तर नाही, एक तरी. सोमवारी सकाळी ते संचालकबाईंसमोर उभे राहिले.

"माझी पाळी लांब आहे. मला लगेच आठवडा हवा."

"पुरावा काय?"

"त्याचे आकडे फाकतात."

"फाकणं म्हणजे पुरावा नव्हे, असं नव्या लोकांना कोण शिकवतं इथे?"

"मीच शिकवतो," साडूभाऊ म्हणाले.

फटकळ माणसं मनाने वाईट नसतात, त्यांना फक्त गप्प बसता येत नाही. "घ्या माझा आठवडा," त्या म्हणाल्या. "माझी आकाशगंगा काही कुठे पळून जात नाही."

आकाश स्वच्छ राहिलं. साडूभाऊंनी जन्मात पहिल्यांदा सरासरी काढली नाही. प्रत्येक रात्रीचा वेगळा ठिपका मांडला. आठवडा संपला त्या दिवशी दुपारी ते मेहुणीसह एक कागद घेऊन आमच्याकडे आले आणि तो जेवणाच्या टेबलावर पसरला. ठिपके वर गेले होते, खाली आले होते, पुन्हा वर निघाले होते. मला गणितातलं ओ की ठो कळत नाही, पण झोपाळा कळतो. तो झोपाळा होता.

"आहे ना?" मी ओरडलो. "अहो, आहे ना ग्रह!"

साडूभाऊ लहान मुलासारखे लाजले. मी त्यांना असं कधीच पाहिलं नव्हतं. दोन्ही कान लाल झालेले. मेहुणी कागदावर वाकून बोटाने ठिपक्यांवरून वर-खाली फिरत होती.

"कळवा मग," मी म्हणालो. "आज कळवा. जगजाहीर करा."

आणि ते लाजणं हळूहळू विरलं. मी डोळ्यांनी बघितलं.

"एकच आठवडा आहे हा," ते म्हणाले. "दीड झोका, त्याहून जास्त नाही. तारा स्वतःच फुगत असला तर? जुन्या रात्री असत्या तर त्या जोडून बघता आल्या असत्या. वर्षानुवर्षं हाच झोका दिसला असता, मग ब्रह्मदेवही नाही म्हणाला नसता. आता एकदा बघून कसं सांगायचं? पुढच्या पाळीला पुन्हा बघतो."

संचालकबाईंनीही सांगून पाहिलं. "'असावा' असं लिहा," त्या म्हणाल्या. "'ग्रह असावा.' एका शब्दाने आकाश कोसळत नाही."

"'असावा' हा शब्द मी आजवर छापलेला नाही."

"मग आजपासून छापा!"

छापला नाही. पुढची पाळी तिमाहीने होती. ते थांबले.

पाळीच्या आदल्या आठवड्यात दुसऱ्या एका वेधशाळेने किरकिऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. त्यांच्याकडेही ताजा असा एकच आठवडा होता. पण ती मंडळी भलतीच गबाळी. साडूभाऊ पूर्वी एकदा तिकडे गेले होते आणि परत आल्यावर आम्हाला त्यांच्या अडगळीच्या खोलीच्या नकला करून दाखवायचे: फितींचे ढीग, त्यावर फुटक्या कपबशा, त्यावर कुणाचा तरी एकच बूट. त्या खोलीत या लोकांनी आजवर काहीही टाकून दिलं नव्हतं, कारण टाकायचाही त्यांना आळस. त्यांनी बूट बाजूला केला, किरकिऱ्याच्या जुन्या रात्री उपसून काढल्या, नव्यांना जोडल्या आणि झोका वर्षानुवर्षं तसाच निघाला.

साडूभाऊंनी त्यांचं अभिनंदन केलं. मनापासून केलं, मत्सर करायला लागणारा चपळपणा त्यांच्यात नाही. आपला आठवडाही त्यांना देऊन टाकला. तो त्यांच्या झोक्यावर तंतोतंत बसला. एका तळटीपेत आभार आले.

पुढे तो ग्रह बराच गाजला. तो ताऱ्याच्या आणि आपल्या बरोबर मधून जातो असं लक्षात आलं. तो समोर आला की ताऱ्याचा उजेड शंभरातला एखादा भाग मंदावतो. त्यावरून त्याचा आकार कळला. गुरूपेक्षा मोठा, पण वजनाने कमी, उष्णतेने फुगलेला, बुचासारखा हलका. एक बाजू सदा ताऱ्याकडे, तिथे कायमची भट्टी. दुसरीकडे कायमचा अंधार, आणि मधून सुसाट वारे. त्याच्या हवेतून गाळून आलेल्या उजेडात मिठातलं सोडियमही सापडलं. या अभ्यासात साडूभाऊ शेवटपर्यंत होते. लेख निघायचा तेव्हा वर वीस-पंचवीस नावं असायची, त्यात पंधरावं-सोळावं त्यांचं. मेहुणी कौतुकाने म्हणायची, "आपल्या ग्रहावर वारा सापडला म्हणे." ते लगेच दुरुस्त करायचे, "त्यांच्या."

निवृत्त झाल्यानंतरची एक संध्याकाळ. त्यांच्या गच्चीवर आम्ही तिघं बसलो होतो. ऊन उतरलं होतं, मेहुणी वाळलेले कपडे दोरीवरून काढत होती. इतक्या वर्षांत मी कधी छेडलं नव्हतं, त्या दिवशी विचारलं, "साडूभाऊ, कशाचं जास्त वाईट वाटतं हो? फिती पुसल्याचं, की थांबल्याचं?"

"दोन्हींचं नाही," ते म्हणाले. "ती जी मधली तिमाही गेली ना, त्या वेळी तो ग्रह आहे हे जगात फक्त मला ठाऊक होतं. एवढ्या मोठ्या जगात, एकट्याला. आणि मी काय केलं? काळजी करत बसलो. तारा फुगत असेल का, यंत्र चुकलं असेल का. एक दिवस आनंदात घालवला नाही हो."

"मी घालवले," मेहुणी म्हणाली.

आम्ही दोघांनी मागे वळून पाहिलं. तिच्या खांद्यावर चादरी होत्या.

"मी ती सगळी तिमाही मजेत होते. बाजारात भाजीवाली उद्धटासारखं बोलली की मनात म्हणायचे, बाई गं, तुला कल्पना नाही, माझ्या नवऱ्याला ग्रह सापडलाय. डॉक्टरांकडे ताटकळत बसले की तेच. शेजारीण तिच्या जावयाच्या गाडीचं सांगायची, मी नुसती हसायचे. तिला वाटायचं, ही खुळावली."

साडूभाऊंनी विचारलं, "आणि मग?"

"मग काय? एक दिवस पेपरात आलं, दुसऱ्यांचं." तिने एका उशीच्या अभ्र्याची घडी घातली, ती वाकडी झाली, पुन्हा घातली. "मी कुणालाच सांगितलं नव्हतं ना. मग वाईट वाटलं तेही कुणाला सांगता येईना."

"मला सांगायचंस."

"तुम्ही खात्री करत होतात," ती म्हणाली आणि कपडे घेऊन खाली गेली.